पहिल्या वेळी जे झालं, ते तिला सगळं सांग

‘बाळ धडधाकट आहे ना, मग झालं तर!’ हे तुला आईनं, सासूबाईंनी, मावश्यांनी, शेजारणींनी इतक्यांदा ऐकवलं असेल, की आता तुलाच वाटायला लागलं असेल, आपलंच काहीतरी बिनसलंय. बाळ तर खरंच गोड आहे, मग दवाखान्याच्या दारात फिनेलचा वास आला की पोटात गोळा का येतो? दुसऱ्यांदा दिवस गेलेत हे कळल्यावर आनंदाच्या आधी भीती का वाटली? खरं सांगू का, बाळ सुखरूप असणं आणि बाळंतीण सावरलेली असणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एक मिळाली म्हणून दुसरी मागायची नाही, असा कुठलाही नियम नाही गं.

तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते तूच जाणतेस. पण मी जितक्या जणींशी बोलले, त्यांच्या बोलण्यात फिरून फिरून त्याच गोष्टी येतात. उताणं झोपवून ठेवलं, कूस बदलू दिली नाही. कळांचं सलाइन लावलं, पण का लावलं ते सांगितलं नाही. तपासायला दर वेळी नवीनच माणूस आलं आणि ‘अजून तीनच बोटं’ म्हणून निघून गेलं. शेवटी कुणीतरी पोटावर जोर देऊन दाबलं. टाके पडलेत हे खोलीत आणल्यावर कळलं. आणि ओरडलं की, ‘तेव्हा नाही का लाज वाटली?’ असलं बोलणं. हे वाक्य ऐकलेल्या बायका मला तालुक्याच्या गावी भेटल्यात, तशा मोठ्या शहरातल्या महागड्या हॉस्पिटलात बाळंत झालेल्याही भेटल्यात.

तू नाजूक आहेस, तुला सहन होत नाही, असं कुणी म्हणालं असेल तर ते आधी मनातून काढून टाक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणातल्या देखभालीच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. बाईला कळांमध्ये हिंडू-फिरू द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्यावं, सरसकट सगळ्यांना खालून छेद देऊ नये, बाळ बाहेर काढायला पोट दाबू नये, हे सगळं त्यात लिहिलंय. तासाला एक सेंटिमीटर या वेगानं पिशवीचं तोंड उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेबही त्यांनी बाजूला ठेवला आणि कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरावा असं सांगितलं. म्हणजे ‘हिचं काही पुढं सरकतच नाही’ असं जे तुझ्या उशाशी उभं राहून म्हणाले, त्यांनी कदाचित घाई केली असेल. कदाचित म्हणते, कारण तुझे कागद मी पाहिलेले नाहीत. कागदांकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी एक विचारते, खरं सांग. तो दिवस स्वप्नात येतो का? झोप लागता लागता दचकून उठतेस का? त्या दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं टाळतेस का? असं होत असेल तर या वेळच्या बाळंतपणासाठी मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, शोधण्याच्या बरोबरीनं (ती कशी शोधायची ते पुढं सांगते) समुपदेशकाकडेही जा. अवघड बाळंतपणानंतर मनाला असा मार बसू शकतो, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. घरात बोलायची सोय नसेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. दुपारी बाळ झोपलं की दार लावून घे आणि फोन कर. कुणाची परवानगी लागत नाही.

आता कागद. हे काम मी तुला सगळ्यात आधी करायला लावणार आहे, आणि तू कंटाळा करणार आहेस हेही मला माहीत आहे. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही बघ. पूर्ण केसपेपर माग. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. अर्ज दोन ओळींचा लिही: नाव, दाखल झाल्याची तारीख, ‘माझ्या बाळंतपणाचे संपूर्ण केसपेपर, ऑपरेशन नोट्ससह, मिळावेत.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घे. ‘कशाला हवेत?’ असं विचारलं तर ‘पुढच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मागितलेत’ एवढंच सांग. भांडायला जाऊ नकोस, आणि एकटीही जाऊ नकोस. ती जागा बघून पाय लटपटले तर आत नवऱ्याला किंवा बहिणीला पाठव, तू रिक्षात बसून राहा.

माझे कागद हातात आले तेव्हा त्यात एक आलेख होता. खाली तासांचे चौकोन आणि वर चढत जाणाऱ्या फुल्या. त्या फुल्या म्हणजे पिशवीचं तोंड किती उघडलं ते, आणि गोल म्हणजे बाळाचं डोकं किती खाली सरकलं ते. माझ्या फुल्या एका जागी येऊन थांबल्या होत्या आणि कितीतरी चौकोन तशाच आडव्या गेल्या होत्या. वरच्या भागात बाळाचे ठोके टिपलेले होते, ते शेवटी शेवटी पुन्हा पुन्हा उतरत गेले होते. शेजारी घाईघाईच्या अक्षरात सिझरचं कारण. ते वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसून राहिले. माझं सिझर खरंच गरजेचं होतं, हे मला त्या कागदानं सांगितलं. तेव्हा त्या खोलीत इतकी माणसं होती, त्यांतल्या कुणीही ते सांगितलं नव्हतं. पोट कापल्याचा माझा राग त्या दिवशी गेला. सांगितलं नाही, याचा राहिला.

तुझ्या कागदांत कदाचित याच्या उलट दिसेल. घाई केलेली दिसेल, कारण न लिहिता छेद दिलेला दिसेल. काहीही निघो, तुला कळायला हवं, कारण या वेळची मिडवाइफ निवडताना तुला नेमकं काय हवंय ते त्यातूनच उलगडतं. सिझर झालं असेल तर पिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा आहे का, हे ऑपरेशन नोटमध्ये मुद्दाम बघ. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणजे आतलाही आडवाच असेल, असं धरून चालू नकोस. रक्त किती गेलं, बाळाचं वजन किती होतं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला होता का, टाके कुठपर्यंत गेले होते, पाणी कधी गेलं, हेही एका वहीत उतरवून ठेव.

आता मिडवाइफ म्हणजे नेमकं कोण, ते बघू. सासूबाई म्हणतील, ‘सुईणीकडे जायचं? आपण काय रानात राहतो?’ त्यांना दोष देऊ नकोस. त्यांच्या आईच्या काळातली सुईण अनुभवानं शहाणी होती, पण तिच्या हाताशी ना रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन होतं, ना ऑपरेशनची खोली. दगावलेल्या बायका त्यांनी स्वतः पाहिल्यात. आज मी जिच्याबद्दल बोलतेय ती शिकलेली, नोंदणी झालेली बाई आहे. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलींची नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे होते. पण आपल्या लेबर रूममध्ये त्यांना मिडवाइफचं काम स्वतःच्या अखत्यारीत करू दिलं जात नाही, इंजेक्शनं आणि कागदांत त्यांचा दिवस जातो. म्हणून केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधीच नोंदणी झालेल्या नर्सला आणखी दीड वर्षाचं शिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ करायचं आणि नेहमीची, धोका नसलेली बाळंतपणं तिनं सांभाळायची, अशी ती योजना आहे. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं तर त्याच्या कितीतरी आधी, २०११ पासून, मिडवाइफ शिकवून तयार करायला सुरुवात केली होती.

खरं सांगू का, हे अजून सगळीकडे पोचलेलं नाही. महाराष्ट्रात गावोगाव अशी बाई मिळेल असं मी तुला सांगणार नाही. मोठ्या शहरांत मिळतील, त्याही मोजक्याच. आणि म्हणूनच पाटी वाचून हुरळून जाऊ नकोस. टब, मेणबत्त्या, मंद संगीत, सुंदर फोटो हे सगळं पैशानं उभं करता येतं. तू तिची शिक्षणाची पदवी विचार, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचार आणि तो चालू आहे का तेही विचार. चांगली बाई यावर रागावत नाही, उलट कागद काढून समोर ठेवते. डूला ही आणखी वेगळी. ती सोबतीण आहे, कंबर चोळेल, धीर देईल, घोट घोट पाणी पाजेल, पण ठोके ऐकणं, आतून तपासणं, बाळ झेलणं हे तिचं काम नाही. मला डूलांबद्दल फार आदर आहे, फक्त एकीच्या जागी दुसरी समजू नकोस.

तू परदेशात असशील तर तुझं काम जरा सोपं आहे. ब्रिटनमध्ये गरोदरपणाची देखभाल मिडवाइफपासूनच सुरू होते, आणि पहिलं बाळंतपण अवघड गेलं असेल तर त्याचे कागद घेऊन तुझ्याशी बोलायला बसणारी सेवा तिथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत असते. नुसतं विचारायचं. न्यूझीलंडमध्ये तर आपली मिडवाइफ आपणच निवडायची पद्धत आहे. तिथं ‘मला आधीचं सगळं बोलायचंय, जास्त वेळ द्या’ हे पहिल्याच फोनवर सांग, संकोच करू नकोस.

आता भेटीचं बोलू. साडी घ्यायची तर आपण चार दुकानं पालथी घालतो, आणि बाळंतपणाला मात्र कुणीतरी सुचवलेल्या पहिल्याच दारात नाव घालून मोकळ्या होतो. निदान दोघी-तिघींना भेट. आणि चौथा महिना लागला की भेटायला लाग, सातव्यात धावपळ करू नकोस, तेव्हा नाही म्हणायचंही त्राण उरत नाही.

मी ज्या बाईला निवडलं तिनं पहिल्या भेटीत वजनकाटा काढला नाही की रक्तदाबाचा पट्टा काढला नाही. वही उघडली आणि म्हणाली, ‘ताई, पहिल्या वेळी काय झालं ते सुरुवातीपासून सांगा. मला घाई नाही.’ मी रडले, थांबले, परत सांगायला लागले. ती मधे एकदाही ‘असं होतंच हो’ म्हणाली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, ‘यातलं सगळ्यात जास्त काय टोचतं?’ मी म्हटलं, ‘कुणी काही सांगत नव्हतं.’ तिनं तेच शब्द वहीत लिहिले आणि खाली रेघ ओढली. मग तपासायच्या आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि विचारलं, ‘हात लावू का?’ लावल्यावर बोलत राहिली. हे बाळाचं डोकं, ही पाठ, डाव्या अंगाला आहे बघा, असं म्हणून माझा हात धरून तिथं नेला. लाकडी नळकांडं पोटाला लावून ठोके ऐकले, मग डॉपलर लावून मलाही ऐकवले. त्या वेळात मला कळून चुकलं, ही बाई माझ्याशी बोलल्याशिवाय मला हात लावणार नाही.

म्हणून म्हणते, पहिल्या वेळी जे झालं ते तिला सगळं सांग, आणि सांगताना तिच्याकडे बघ. ती मधेच तोडते का? घड्याळाकडे बघते का? ‘ते डॉक्टर सगळे कसाईच’ असं म्हणून तुझ्या रागावर फुंकर घालते का? तुला ते ऐकून क्षणभर फार बरं वाटेल, पण अशा बाईपासून लांब राहा गं. जिचं डॉक्टरांशी पटत नाही, ती वेळेवर त्यांना बोलावणार कशी? तिला सरळ विचार, ‘तुम्ही डॉक्टरांना कधी बोलावता?’ तिनं घडाघडा सांगायला हवं: रक्तदाब चढला तर, ठोके उतरायला लागले तर, पाण्याचा रंग हिरवट आला तर, रक्त जास्त जायला लागलं तर, कळा असून बाळ पुढं सरकत नसलं तर. ‘आमच्याकडे तशी वेळच येत नाही’ असं ऐकलंस की नमस्कार कर आणि ऊठ.

पुढचे प्रश्न तर अगदी रोकडे असू देत. कळा सुरू असताना ठोके किती वेळानं ऐकता? कळांनी जोर धरल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी आणि बाळ बाहेर ढकलायच्या वेळी पाच मिनिटांनी, असं उत्तर यायला हवं. वार पडायच्या वेळी रक्त जाऊ नये म्हणून काय करता? ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचं नाव तिच्या तोंडून यायला हवं. बाळ रडलं नाही तर? बॅग आणि मास्कनं श्वास द्यायचं प्रशिक्षण तिनं कधी घेतलं, असा श्वास कुठल्या बाळाला दिलाय का, ते सांगू दे. मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि तुम्ही दुसरीकडे अडकला असाल तर कोण येणार, त्या बाईंना मी आधी भेटू शकते का? मला हॉस्पिटलात हलवावं लागलं तर तुम्ही सोबत याल का, की दारात सोडून जाल? आणि पैशाचं. फी कशाची, किती, मधेच सिझर झालं तर दोन्हीकडचे पैसे भरावे लागतील का, हे लेखी घे. पैशाचं विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण कळांमध्ये नवऱ्यानं एटीएम शोधत फिरण्यापेक्षा आत्ता विचारलेलं बरं.

सिझर झालेल्या माझ्या बहिणींना आता जरा वेगळं आणि कडक बोलते. एका सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं, हे खरं आहे. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे असा प्रयत्न करणाऱ्या शंभरांतल्या ७२ ते ७५ जणींचं नॉर्मल होतं, आणि आधी कधी एक नॉर्मल झालेलं असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. पण जुना टाका उसवायचा धोका दोनशेत एक एवढा असतो, आणि तो उसवला तर हाताशी मिनिटं असतात, तास नसतात. कळा आणायची औषधं दिली तर हा धोका आणखी वाढतो. तेव्हा घरी नाही, ऑपरेशनची खोली नसलेल्या सुंदर बंगलीतही नाही. ऑपरेशन, भूल आणि रक्त चोवीस तास मिळेल अशाच ठिकाणी, डॉक्टर आणि मिडवाइफ दोघी मिळून. माझं दुसरं असंच झालं. ठोक्यांचा पट्टा पोटाला सतत बांधलेला होता आणि तरी मी उभी होते, पलंगाच्या कठड्याला धरून डुलत होते, कारण त्या बाईनं वायरी सांभाळत माझ्याबरोबर उभं राहायचं ठरवलं होतं. डॉक्टर अधूनमधून येऊन बघून जात. दर वेळी काय बघितलं ते मला सांगून जात.

सिझर झालेलं नसेल, फक्त अनुभव वाईट असेल, तरी माझं मत हॉस्पिटलाला लागून असलेल्या किंवा हॉस्पिटलातच मिडवाइफ असलेल्या जागेलाच आहे. आपल्याकडची वाहतूक तू जाणतेस.

घरच्यांना कसं पटवायचं, ही तुझी खरी काळजी आहे ना? नवऱ्यापासून सुरुवात कर. भेटीला त्याला बरोबर ने, बाहेर बाकावर बसवू नकोस. पहिल्या वेळी तोही दाराबाहेर घाबरून उभा होता आणि त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं, हे लक्षात असू दे. सासूबाईंशी वाद घालायचा नाही. त्यांना विचारायचं, ‘आई, तुमच्या वेळी काय झालं होतं?’ बायका हे कुणी विचारायची वर्षानुवर्षं वाट बघत असतात बघ. त्या बोलायला लागल्या की त्यांच्याही पोटातलं बाहेर येतं, आणि मग ‘मला असं एकटं नको आहे’ हे तुझं म्हणणं त्यांना वेगळं समजावावं लागत नाही. बाळंतपण हॉस्पिटलातच आहे, डॉक्टर आहेत, शिवाय ही एक बाई पूर्ण वेळ जवळ असणार आहे, एवढंच सांग. आणि अभ्यास हवाच असेल तर सांग, ओळखीच्या मिडवाइफनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळण्याचा, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०२४ मध्ये पुन्हा आढावा घेतला, १७ चाचण्या आणि १८,५३३ बायका. त्यांच्यात सिझर कमी झाली, चिमटा-व्हॅक्यूम कमी लागला, छेद कमी द्यावे लागले. त्या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या आहेत, पण शेवटपर्यंत थांबणाऱ्या माणसाची गरज आपल्याला त्यांच्याहून कमी आहे असं मला वाटत नाही.

आणि मिळालीच नाही अशी बाई, तर? तर हातपाय गाळायचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशभरात खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची निघाली आणि सरकारीतली १४.३ टक्के. म्हणजे दवाखाना कुठला निवडतेस यानं फार फरक पडतो. सरकारीत अवघड केसेस नाहीत असं थोडंच आहे? डॉक्टरांना त्यांचे स्वतःचे आकडे विचार, सांगणारे डॉक्टर आहेत. सोबतीच्या माणसाचं विचार. २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी दवाखान्यांतही बाळंतिणीजवळ सोबतीला एक बाई असू द्यावी असं सांगितलेलं आहे. मग ती बाई नीट निवड. तुझ्यापेक्षा जास्त घाबरणारी आई नको, तिला घरी मोठ्या बाळाजवळ ठेव. स्वतः नीट बाळंत झालेली, आवाज न चढवता बोलणारी मावशी किंवा जाऊ चालेल.

आणि एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या वर लाव. माझं पहिलं बाळंतपण अवघड गेलं आहे. तपासायच्या आधी सांगा. एका वेळी एकाच व्यक्तीनं तपासा. मला उभं राहू द्या, फिरू द्या. छेद द्यावा लागला तर आधी सांगा. तातडी असेल तर तातडी आहे असं म्हणा, मी ऐकेन. बाळ लगेच माझ्या छातीवर द्या. एवढंच. दोन पानी यादी कुणी वाचत नाही, पण हा कागद रात्रपाळीची सिस्टरही वाचते, आणि पुष्कळदा तिचा आवाजच बदलतो. त्या सिस्टरला नावानं हाक मार. तीसुद्धा एकटी दहा जणींत धावत असते गं.

बाळंतपणानंतरचं आधीच ठरवून ठेव. पहिल्या वेळी सगळं लक्ष बाळाकडे गेलं होतं ना? या वेळी मिडवाइफ पहिल्या आठवड्यात घरी कितीदा येणार, टाके बघणार का, दूध ओढत नसलं तर थांबून दाखवणार का, आणि तुझं मन कसं आहे हे विचारणार का, हे ठरव. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं होऊ दे, पण शेगडी बंद खोलीत नको, धुरानं बाळाचा जीव घुसमटतो. आल्यागेल्याला सव्वा महिना चहा करायला तू उठायचं नाहीस, हे मी तुला आत्ताच बजावून ठेवते.

आता शेवटचं, फ्रिजवर चिकटवायचं. लाल रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा-हात एकाएकी सुजले, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेलं आणि ते हिरवट दिसलं, किंवा बाळंत झाल्यावर तासाभरात पॅडवर पॅड भिजायला लागले, तर मिडवाइफला फोन लाव आणि तो लागेपर्यंत थांबू नकोस. १०८ ला फोन कर, निघ, वाटेतून तिला कळव. तुझी ती बाई खरंच चांगली असेल तर पहिल्याच भेटीत हेच तुला सांगेल, आणि तू काय काय लक्षात ठेवलंस ते तुझ्याकडून परत म्हणवूनही घेईल.